आमच्या शेतातला हिशेब आम्हाला दाखवा : कृषी विद्यापीठांना खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू आणि कार्यकारी परिषदांचे सन्माननीय सदस्य,
राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठे

सविनय नमस्कार.

२८ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने खरिपाचे हमीभाव जाहीर केले. सोयाबीनला क्विंटलमागे ५,३२८ रुपये भाव ठरला आणि त्यासाठी उत्पादन खर्च ३,५५२ रुपये धरला गेला. दोनच दिवसांनी, ३० मे रोजी, त्याच सरकारने कच्चे पामतेल, सोयातेल आणि सूर्यफूल तेल यांच्यावरील मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले. पहिल्या निर्णयाने सोयाबीनचा भाव कागदावर वाढला आणि दुसऱ्याने बाहेरचे तेल स्वस्त करून तो बाजारात मिळण्याची शक्यता कमी केली. हे दोन निर्णय एकमेकांशेजारी ठेवून लातूरच्या आडतीवर त्यांचा काय परिणाम होईल, हे आकडेवारीनिशी सांगणारे एकाही कृषी विद्यापीठाचे जाहीर टिपण तेव्हा किंवा त्यानंतर माझ्या वाचनात आले नाही. हे पत्र त्या मौनाबद्दल आहे.

मी औसा तालुक्यातील कोरडवाहू शेतकरी आहे. सोयाबीन, तूर आणि पाऊस साधला तर हरभरा, अशी आमची पिके आहेत. मी कृषी पदवीधरही आहे, त्यामुळे विद्यापीठ म्हणजे काय आणि तेथे किती कष्टाने काम चालते, हे मला आतून ठाऊक आहे. बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन ७११ ही तूर, परभणीचे एमएयूएस मालिकेतील सोयाबीन आणि कसबे डिग्रजच्या केंद्रात तयार झालेले फुले संगम हे आमच्या भागातील शेतकऱ्याला पाठ असलेले शब्द आहेत. तुमच्या बियाण्याबद्दल, खतांच्या शिफारशींबद्दल किंवा अवजारांबद्दल या पत्रात एका ओळीचीही तक्रार नाही. पीक कसे काढावे हे तुम्ही आम्हाला पन्नास वर्षे सांगत आला आहात. त्या पिकाचा भाव ज्या हिशेबावर ठरतो, तो हिशेबही कृषी विद्यापीठांतूनच जातो, आणि त्याविषयी मात्र तुम्ही बोलत नाही.

हे पत्र वाचणाऱ्या इतर वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगतो, कारण हमीभाव दिल्लीत ठरतो एवढेच सर्वांना माहीत असते. प्रमुख पिकांच्या लागवड खर्चाचा अभ्यास करणारी केंद्र सरकारची सर्वंकष योजना १९७०-७१ पासून देशभर चालू आहे आणि ती प्रामुख्याने कृषी विद्यापीठांमार्फत राबवली जाते. तालुके निवडले जातात, तालुक्यातून गावांचे समूह निवडले जातात आणि प्रत्येक समूहातून जमिनीच्या पाच आकारगटांतील प्रत्येकी दोन, असे दहा शेतकरी निवडले जातात. समूहासाठी नेमलेला फील्डमन तेथेच राहून तीन वर्षे या शेतकऱ्यांच्या नोंदी ठेवतो. औताचे किती दिवस लागले, खुरपणीला किती बायका होत्या, फवारण्या किती झाल्या, घरची किती माणसे राबली, खताची गोणी कोणत्या भावाने आणली, मळणीयंत्राला काय दिले, रास किती झाली, असे सगळे तो लिहून घेतो. या नोंदी विद्यापीठातून केंद्राच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडे जातात. त्यांच्या आधारे कृषी खर्च व मूल्य आयोग आगामी हंगामाचा खर्च अंदाजतो आणि सरकारला भावाची शिफारस करतो. १९६५ साली स्थापन झालेल्या या आयोगापुढे आकड्यांच्या इतर वाटाही आहेत, पण शेतकऱ्याच्या बांधावरून थेट निघणारी वाट हीच आहे.

काही वर्षांपूर्वी आमचे खाते या निवडीत होते. वडील शेतात असत म्हणून बहुतेक वेळा आईच उत्तरे देत असे, आणि ती इतकी काटेकोर की उसनवारीने आणलेल्या बियाण्याच्या पायल्यासुद्धा तिने सांगितल्या. फील्डमन मुलगा सज्जन होता आणि त्याने काम चोख केले. तीन वर्षे संपली, समूह बदलला आणि तो गेला. आमच्या घरातून उचललेल्या नोंदींचे पुढे काय झाले, आमच्या समूहाचा एकरी खर्च किती निघाला, तो शेजारच्या जिल्ह्यापेक्षा कमी होता की जास्त, यातले काहीही आमच्या गावात परत आले नाही. यात त्या मुलाचा किंवा त्याच्या कार्यालयाचा दोष नाही. योजनेच्या रचनेतच परतीची वाट ठेवलेली नाही. ती वाट विद्यापीठांनी स्वतःहून पाडावी, असे मला वाटते.

माझे पहिले गाऱ्हाणे हेच आहे. जुन्या वर्षांच्या नोंदी केंद्राच्या संकेतस्थळावर ठेवल्या जातात, हे मला माहीत आहे. त्या सांकेतिक क्रमांकांच्या लांबच लांब तक्त्यांत असतात आणि संख्याशास्त्राचे शिक्षण असलेल्या माणसालाही त्या उलगडायला वेळ लागतो. आयोगाचे अहवाल इंग्रजीत आणि हिंदीत निघतात. म्हणजे ज्या आईने उंबऱ्यावर बसून मराठीत उत्तरे दिली, तिच्या भाषेत तिच्या उत्तरांचा निष्कर्ष मिळत नाही. दरवर्षी आपण दैनंदिन्या छापता, त्यांत पिकानुसार खतांच्या मात्रा आणि फवारणीची औषधे असतात आणि शेतकरी त्या रांगेत उभे राहून विकत घेतात. त्याच दैनंदिनीत विभागवार लागवड खर्चाची चार पाने घातली, तर छपाईचा खर्च किती वाढेल?

दुसरे गाऱ्हाणे अधिक गंभीर आहे. उत्पादन खर्च ही एकच संख्या नसते, हे आपल्या कृषी अर्थशास्त्र विभागांइतके कोणालाच माहीत नाही. प्रत्यक्ष केलेला खर्च आणि खंडाने घेतलेल्या जमिनीचा खंड मिळून ए-२ होतो. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल मिळवले की ए-२ अधिक एफएल होतो. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरील व्याजही धरले की सी-२ होतो. राष्ट्रीय शेतकरी आयोगाने, म्हणजे डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या आयोगाने, २००६ मध्ये हमीभाव हा भारित सरासरी उत्पादन खर्चापेक्षा किमान ५० टक्के जास्त असावा अशी शिफारस केली. पुढच्या वर्षी आलेल्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात ती शिफारस नव्हती. २०१५ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की, असा भाव दिल्यास बाजाराचा समतोल बिघडेल. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा झाली आणि ती ए-२ अधिक एफएल या खर्चावर लागू करण्यात आली. स्वामिनाथन यांची शिफारस पूर्ण केली असे एक बाजू म्हणते आणि फसवणूक झाली असे दुसरी बाजू म्हणते. प्रत्येक निवडणुकीत या वादावर भाषणे होतात आणि आकडे मात्र कोणी समोर ठेवत नाही.

ज्यांच्याकडे आकडे आहेत ते आपण आहात. मराठवाड्यात सोयाबीनचा ए-२ अधिक एफएल आणि सी-२ यांत क्विंटलमागे किती अंतर पडते? आमच्याकडे ठोक्याने जमीन करणाऱ्याला जो खंड मोजावा लागतो, तो आणि हिशेबात धरला जाणारा जमिनीचा खंड जुळतो का? बाईची रोजंदारी पुरुषाच्या रोजंदारीपेक्षा कमी असते. मग घरच्या बाईच्या कामाचे मोलही त्याच कमी दराने धरले जाते का, आणि जात असेल तर त्यामुळे खर्च किती कमी दिसतो? ही शेतकरी संघटनेच्या व्यासपीठावरून उत्तर देण्याची गोष्ट नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या एका प्रबंधात बसणारे हे प्रश्न आहेत. असे प्रबंध आपल्या ग्रंथालयांत आहेतही, मी ते पाहिलेले आहेत. ते तेथेच राहतात.

तिसऱ्या मुद्द्यावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण मला वाटते महाराष्ट्राचे खरे नुकसान येथे होते आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. हमीभाव देशभरासाठी एकच असतो आणि तो राज्यांच्या भारित सरासरी खर्चावर आधारलेला असतो. २०२५-२६ च्या खरिपात बाजरीला खर्चावर ६३ टक्के, मका व तुरीला ५९ टक्के, उडदाला ५३ टक्के आणि सोयाबीन, कापूस, ज्वारी, मूग अशा बाकीच्या पिकांना ५० टक्के परतावा धरला गेला. सोयाबीनच्या ३,५५२ रुपयांची दीडपट बरोबर ५,३२८ होते. एक रुपयाही वर नाही आणि खाली नाही. किमान ५० टक्के असे जे म्हटले होते, ते या पिकांसाठी कमाल होऊन बसले आहे. आता ज्या राज्याचा खर्च सरासरीपेक्षा जास्त आहे, त्याच्या शेतकऱ्याला ५० टक्के मिळूच शकत नाहीत, हे साध्या अंकगणिताने कळते. सरासरीच्या वर असलेल्यांना जे मिळत नाही, तेच खाली असलेल्यांना जादा मिळते.

कोरडवाहू शेतीत क्विंटलचा खर्च वाढतो तो उधळपट्टीमुळे नव्हे. एकरी खर्च बहुतांश आधीच होऊन गेलेला असतो आणि उतारा पावसाच्या हाती असतो. उदाहरणादाखल हिशेब मांडतो : एकरी २८,००० रुपये खर्च आला आणि आठ क्विंटल उतारा पडला, तर क्विंटलला ३,५०० रुपये पडतात. तेच बियाणे, तेच खत आणि तेच कष्ट असताना ऐन शेंगा भरताना पावसाने दडी मारली आणि उतारा पाच क्विंटलवर आला, तर क्विंटलला ५,६०० रुपये पडतात. पाच क्विंटलवर आलेल्या शेतकऱ्याला हमीभाव पूर्ण मिळाला तरी तो तोट्यात जातो. कापसाचेही असेच आहे. आमच्या राज्यातला बहुतेक कापूस पावसावर येतो, तर पंजाब-हरियाणाकडचा ओलिताखाली असतो, आणि दोघांना भाव एकच. मग सरासरीने महाराष्ट्राचे दर क्विंटलमागे किती नुकसान होते, कोणत्या पिकात सर्वांत जास्त होते, कोरडवाहू क्षेत्रासाठी वेगळी पद्धत शक्य आहे का, शक्य नसेल तर का नाही, याचे दरवर्षी एक स्वच्छ टिपण काढणे हे राज्याच्या कृषी विद्यापीठांचे काम नाही, तर कोणाचे आहे? राज्य सरकार दरवर्षी आपल्या शिफारशी दिल्लीला पाठवते. त्या शिफारशींमागचा शास्त्रीय आधार विद्यापीठांच्या नावाने लोकांसमोर असता, तर त्या इतक्या सहज बाजूला ठेवता आल्या नसत्या.

या वेळी यात पुराची भर पडली. सप्टेंबर २०२५ मध्ये मांजरा-तेरणेच्या काठची शेते कमरेइतक्या पाण्यात गेली आणि काही ठिकाणी पिकाबरोबर मातीही गेली. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने जाहीर केलेल्या मदतीत खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाख रुपयांपर्यंतची कामे धरली. म्हणजे मातीला किंमत आहे हे सरकारने मान्य केले. लागवड खर्चाच्या तक्त्यात मात्र अवजारांचा आणि गोठ्याचा घसारा असतो, शेतसाऱ्याचीही ओळ असते, पण मातीच्या झिजेला रकाना नाही. शिवाय आयोगाच्या हाती येणाऱ्या नोंदी काही हंगाम मागच्या असतात आणि त्यांवरून पुढचा खर्च अंदाजला जातो. तेव्हा २०२५ च्या पुराचा खर्च कधी आणि कोणत्या रूपाने भावात उतरेल, हे आज आम्हाला कोणी सांगत नाही. मृदाशास्त्र विभाग आणि कृषी अर्थशास्त्र विभाग एकाच आवारात असतात. त्यांनी एकत्र बसून हा रकाना कसा भरायचा याचा मसुदा केला आणि तो देशापुढे ठेवला, तर ते केवळ मराठवाड्याचे काम होणार नाही. बिहारपासून आसामपर्यंत जेथे जेथे नदी शेत खाते तेथे तो लागू पडेल.

विद्यापीठांच्या मौनाने काय होते, याचे एक लहान उदाहरण देतो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याखाली विक्री चालली होती. खरेदी केंद्रांवर १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असलेला माल परत पाठवला जात होता. नोव्हेंबरमध्ये, विधानसभेचे मतदान तोंडावर आलेले असताना, ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल झाली. परतीच्या पावसात काढलेल्या सोयाबीनचा ओलावा किती असतो, तो किती दिवसांच्या उन्हाने किती उतरतो आणि १५ टक्क्यांचा माल साठवल्यास काय होते, हा निखळ तांत्रिक प्रश्न आहे. त्याचे उत्तर ऑगस्टमध्येच विद्यापीठांच्या शिक्क्यासह जाहीर असायला हवे होते. ते नसल्यामुळे निर्णय मतदानाच्या तारखेवर गेला.

आता काही जण म्हणतील की, विद्यापीठाने राजकारणात पडू नये. मी तसे मागतच नाही. पण धोरणावर बोलणे आणि राजकारण करणे यांतला फरक महाराष्ट्राला शिकवावा लागू नये. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी गावोगाव आणि शहरोशहरी पाहण्या केल्या. पुढे ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि केंद्राने राज्यांना द्यायच्या साहाय्याचे सूत्र त्यांच्याच नावाने ओळखले गेले. त्याच संस्थेच्या वि. म. दांडेकरांनी मुंबई राज्यातील कुळकायद्याची अंमलबजावणी तपासली तेव्हा कायदा करणाऱ्या सरकारला आवडेल असे निष्कर्ष काढले नाहीत. १९७१ मध्ये त्यांनी नीलकंठ रथ यांच्यासह देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला आणि त्यावर देशभर वाद झाला. पीकविमा एकेका शेतकऱ्याचे नुकसान मोजून नव्हे, तर क्षेत्राचे सरासरी उत्पादन धरून द्यावा, ही मांडणी दांडेकरांनी १९७० च्या दशकात केली. १९७९ च्या प्रायोगिक योजनेपासून आजच्या पंतप्रधान पीकविमा योजनेपर्यंत तिचाच आधार घेतला गेला आहे. त्या पद्धतीचे तोटेही आम्ही भोगतो, महसूल मंडळात एका बाजूला गारपीट झाली आणि दुसरी बाजू वाचली की काय होते ते विचारू नका. पण ती मांडणी कोणी केली, कोणत्या तर्काने केली आणि तिच्यात काय चुकते, हे आम्ही नाव घेऊन बोलू शकतो. आजच्या हमीभावाच्या हिशेबाबद्दल तसे कोणाशी बोलायचे, तेच कळत नाही.

आणि जी नावे आपण आपल्या प्रवेशद्वारांवर लावली आहेत, त्यांच्याकडे तरी पाहा. महात्मा फुल्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याचा जाब थेट राज्यकर्त्यांना विचारला. पंजाबराव देशमुख १९५२ पासून दहा वर्षे केंद्रात कृषिमंत्री होते. वसंतराव नाईकांनी मुख्यमंत्री म्हणून या विद्यापीठांची उभारणी केली. धोरणाला हात न लावता शेतीची सेवा करता येते, असे यांपैकी कोणीही मानले नसते.

दुसरा आक्षेप असा येईल की, योजना केंद्राच्या पैशातून चालते, नोंदी केंद्राच्या मालकीच्या आहेत आणि प्राध्यापक सेवानियमांनी बांधलेले आहेत. नोंदींच्या गोपनीयतेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. कोणा शेतकऱ्याचे नाव बाहेर येऊ नये. पण जाहीर झालेल्या नोंदींवर विश्लेषण करायला कोणाची परवानगी लागते? शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही विद्यापीठांची तीन कामे आहेत. विस्तार म्हणजे फक्त शिवार फेरी आणि चर्चासत्र नव्हे. देश आपल्या पिकाचा भाव कोणत्या पद्धतीने ठरवतो, ते शेतकऱ्याला समजावून सांगणे हाही विस्तारच आहे.

रिक्त पदांची अडचण खरी आहे. वर्षानुवर्षे प्राध्यापकांच्या जागा भरल्या जात नाहीत, एकेक माणूस तीन-तीन योजना सांभाळतो, आणि याला आपण नव्हे तर राज्य सरकार जबाबदार आहे. तेही आपण मोठ्याने बोलावे. कोणते अभ्यास माणसांअभावी थांबले, याची यादी जाहीर झाली तर आम्हीच ती घेऊन मुंबईला जाऊ.

शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल द्या, असे मी म्हणत नाही, हे मला नीट सांगायचे आहे. कदाचित आपले आकडे असे सांगतील की, सी-२ वर दीडपट भाव दिला तर गिरणी देशी सोयाबीन घेणारच नाही आणि तेल आयात करील. कदाचित असेही निघेल की, हमीभावापेक्षा आयात शुल्काच्या धरसोडीने आमचे जास्त नुकसान होते. भारतीय अन्न महामंडळाच्या फेररचनेसाठी नेमलेल्या शांता कुमार समितीने २०१५ मध्ये म्हटले होते की, सरकारी यंत्रणेला हमीभावाने माल विकू शकणारे शेतकरी सहाच टक्के आहेत; तेव्हा हमीभाव वाढवण्यापेक्षा खरेदी कशी होते, बारदाना वेळेवर येतो का, हेच अधिक महत्त्वाचे आहे असाही निष्कर्ष निघू शकेल. आम्हाला न आवडणारा निष्कर्षही आम्ही ऐकू. ‘उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव’ ही घोषणा शरद जोशींच्या चाकणच्या आंदोलनापासून आम्ही देत आलो आहोत. त्या घोषणेतला उत्पादन खर्च नेमका किती, हे आमच्या विद्यापीठांनी आम्हाला सांगावे, एवढी अपेक्षा जास्त नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

दरवर्षी खरीप आणि रब्बीच्या हमीभावाची घोषणा झाल्यापासून एका महिन्याच्या आत चारही विद्यापीठांनी मिळून मराठीत एक जाहीर टिपण काढावे. त्यात राज्यातील प्रमुख पिकांचा ए-२, ए-२ अधिक एफएल आणि सी-२ असा तिन्ही प्रकारचा खर्च, देशाच्या सरासरीशी तुलना आणि जाहीर भावातून राज्यातील शेतकऱ्याला प्रत्यक्षात किती टक्के परतावा उरतो, हे असावे. टिपणावर ते लिहिणाऱ्या प्राध्यापकांची नावे असावीत.

लागवड खर्चाच्या अभ्यासासाठी निवडलेल्या प्रत्येक गावसमूहात तीन वर्षांचा कालावधी संपल्यावर एक सभा घ्यावी आणि कोणाचेही नाव न उघडता त्या समूहाचा सरासरी हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा. चूक असेल तर शेतकरी तेथेच सांगतील, आणि त्याचा फायदा आपल्यालाच होईल.

चारही विद्यापीठांच्या संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या बैठकीत, म्हणजे ज्याला सगळे जॉइंट ॲग्रेस्को म्हणतात तिच्यात, दरवर्षी वाण, अवजारे आणि तंत्रज्ञानाच्या शिफारशी मंजूर होतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून येतात. तशाच धोरणविषयक शिफारशीही मंजूर व्हाव्यात आणि केंद्राला पाठवलेली पत्रे व त्यांवर आलेली उत्तरे जाहीर व्हावीत. आयात शुल्क, निर्यातबंदी, ओलाव्याचे निकष आणि पीकविम्याचे उंबरठा उत्पादन (म्हणजे ज्याच्या खाली उतारा गेला की भरपाई मिळते ती पातळी) या चार विषयांपासून सुरुवात करता येईल.

पुराने माती गेलेल्या क्षेत्रात मृदाशास्त्र आणि अर्थशास्त्र विभागांनी संयुक्त अभ्यास सुरू करावा आणि जमिनीच्या हानीचा समावेश लागवड खर्चात कसा करावा याचा प्रस्ताव आयोगापुढे ठेवावा.

शेवटची मागणी सर्वांत स्वस्त आहे. कृषी अर्थशास्त्र विभागातील प्रबंधांचे पाच पानी मराठी सारांश आपल्या संकेतस्थळांवर ठेवावेत. विद्यार्थ्यांना ते लिहायला सांगितले तर तेही काही शिकतील.

या पत्राची प्रत पुण्याच्या महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषदेला आणि आमच्या भागातील लोकप्रतिनिधींना पाठवत आहे. उत्तर मला व्यक्तिशः नको; पुढच्या जॉइंट ॲग्रेस्कोच्या आधी ते जाहीर द्यावे. त्या बैठकीला बसू दिले तर आमच्या गावातून चार-पाच जण येतील, त्यांत एक-दोन बायकाही असतील, आणि येताना मागच्या तीन हंगामांच्या विक्रीच्या पट्ट्या, खतांच्या पावत्या व मजुरीच्या वह्या घेऊन येतील. आपल्या नोंदींशी त्या ताडून पाहाव्यात.

आपला नम्र,
औसा तालुक्यातील एक सोयाबीन उत्पादक व कृषी पदवीधर